वरच्या फळीवरची रोपं

१

गुड फ्रायडेच्या सकाळी आमच्या गावात कोणी शेतात पाय ठेवत नाही. म्हणून सहाच्या सुमाराला तिहोमीरच्या पॉलिहाऊसकडून आरडाओरडा ऐकू आला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी विपरीत घडलंय. पायात मिळतील ते बूट घातले आणि पळत सुटलो.

आत पाहिलं. लाल गोड मिरचीची बारा हजार रोपं. जवळच्या लेस्कोवात्स शहराच्या बाजारात तिहोमीरच्या रोपांना जो मान आहे तो आमच्या सरपंचालाही नाही. आदल्या दिवशी दुपारी मीच माझ्या खतांच्या दुकानातून तिथे सल्फेटची दोन पोती उतरवून आलो होतो, तेव्हा रोपं कशी तजेलदार, हात फिरवावासा वाटावा अशी होती. आणि आता? काळपट, लिबलिबीत, उकडून काढलेल्या पालेभाजीसारखी. एका रात्रीत!

तिहोमीर मधोमध उभा होता. त्याची बहीण ल्युबिंका दाराशी पदरासारखा रुमाल डोळ्यांना लावून उभी, डोळे लालभडक. तिनंच पहाटे पाचला दार उघडलं होतं. जमलेल्या बायका कुजबुजत होत्या, "बघा कशी रडतेय. हिला काहीतरी ठाऊक आहे."

कुजबुजीला कारण होतं. ल्युबिंका विधवा, वय बेचाळीस. तिहोमीरकडे कामाला असलेल्या व्लादेताशी ईस्टरनंतर लग्न करणार होती. तिहोमीरला ते बिलकुल पसंत नव्हतं. बुधवारी अंगणात दोघांचं चांगलंच वाजलं होतं. "माझ्या घरचा गडी माझा मेहुणा होणार?" हे तिहोमीरचं वाक्य अख्ख्या आळीनं ऐकलं होतं.

"हा कोट कोणाचा?" तिहोमीरनं विचारलं. त्याच्या हातात तपकिरी कोट होता. दाराखालच्या फटीत तो बाहेरून कोंबून बसवलेला सापडला होता. कोणाचा ते विचारायची गरजच नव्हती. व्लादेता तो कोट तीन वर्षं घालत होता.

आणि इथे माझी जीभ वळवळली. देवानं मला दुकान दिलं, बायको दिली, तोंडाला झाकण तेवढं द्यायचं राहिलं. मी म्हणालो, "मंगळवारी यानं माझ्याकडून तणनाशकाची बाटली नेली होती."

सगळ्यांच्या माना व्लादेताकडे वळल्या. तो कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. रोपांकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता.

"बोल ना!" तिहोमीर ओरडला. "तोंडात काय मूग आहेत? उद्या संध्याकाळी पाचच्या बसनं या गावातून चालता हो. नाहीतर सोमवारी पोलिस येतील. आणि एक ऐका रे सगळ्यांनी, आईच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. तिचं ब्लडप्रेशर आहे. थंडीनं गेली रोपं, एवढंच सांगायचं."

ल्युबिंका व्लादेताकडे बघत राहिली. तो नाही म्हणेल, चिडेल, निदान शिवी तरी देईल, म्हणून मीही वाट पाहत होतो.

"जातो," व्लादेता म्हणाला.

२

घरी येऊन मी कॉफी केली आणि ती तशीच निवली. मंगळवारची बाटली मी विकली होती, हे खरं. पण तणनाशकं विकून माझे केस पांढरे झाले, आणि मला एवढं कळू नये? तणनाशकानं पान आधी पिवळं पडतं, वाकडंतिकडं होतं, चार-पाच दिवस कुथत बसतं. एका रात्रीत असं होत नाही. हे मला त्या गर्दीत आठवलं नाही, घरी एकटा बसल्यावर आठवलं. माझं सगळं असंच.

मग मी पेर्सिदाबाईंकडे गेलो.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. आधी खताच्या कारखान्यात प्रयोगशाळेत दहा वर्षं, मग आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला. कारखान्यात गॅस हुंगून हुंगून त्यांचं नाक कायमचं कामातून गेलं. गुलाब आणि गोठा त्यांना सारखेच. त्या उपवासाच्या घेवड्यावर मिरपूड घालत बसल्या होत्या.

"ओब्राद," माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "तुला मी दोनदा नापास केलं, आणि तू खतं विकतोस. या देशाचं कठीण आहे."

"बाई, टोमणे नंतर मारा. त्या माणसाला उद्या पाचला हाकलणार आहेत. लग्न मोडलं, घर गेलं, आणि जाणार कुठे? त्याचं दुसरं कोणी नाही."

"चपला दे इकडे," बाई म्हणाल्या.

वाटेत सगळं गाव पांढरंशुभ्र होतं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या बायका अंगणातल्या खड्ड्यातला भिजवलेला चुना काढतात आणि घर, कुंपण, झाडांचे बुंधे, जे हलत नाही ते सगळं रंगवतात. मी लहानपणी एकदा उभा राहिलो होतो तर आजीनं माझे बूटही रंगवले. एक गोष्ट मात्र त्या कटाक्षानं पाळतात. उरलेला चुना परत खड्ड्यात टाकायचा नाही. सण जवळ आला की घाण घरात परत नेऊ नये, म्हणतात. बादली कुठेतरी रिकामी करायची आणि पालथी घालायची.

पॉलिहाऊसमध्ये बाई शिरल्या आणि बाकी सगळ्यांनी जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. आधी वर पाहिलं, मग खाली वाकल्या.

"मांडणीच्या तीन फळ्या आहेत. वरच्या फळीवर किती जगली?"

"एकही नाही."

"मधल्या?"

मी मोजायचा प्रयत्न केला. "निम्मी असतील नसतील."

"आणि खालची?"

मी गुडघे टेकले. खालच्या ट्रेमधली रोपं जवळजवळ सगळी हिरवी होती. कडा तेवढ्या करपलेल्या. सकाळपासून पन्नास माणसं येऊन गेली, हळहळली, पण वाकून कोणी पाहिलं नव्हतं.

"पाणी कुठलं देतात?"

"बाहेरच्या पिंपातलं. त्याच पाण्यावर ती बाहेरची कोबी आहे." कोबी दिमाखात उभी होती.

बाईंनी मांडणी बांधलेली तांब्याची तार नखानं खरवडली. जुन्या मोटरची तार. तिच्यावर निळसर थर चढला होता. "हा कधीचा?"

"काल दुपारी मी टेकलो होतो तिथे. तेव्हा तार लालच होती."

मधल्या वाफ्यात काकडी लावायची होती. त्याच्यावर पांढरा थर होता. भिंतींचा गुडघाभर उंचीचा कट्टा अगदी देवळासारखा स्वच्छ. बाईंनी वाफ्यातली चिमूटभर माती बोटांत चोळली.

"सल्फेट कोणी पसरलं?"

"व्लादेतानं. काल तीन वाजता, माझ्यासमोर. ओल्या मातीवर पसरून ठेवलं, शनिवारी खणून मिसळणार होता." आणि मग माझ्या मनात जे खात होतं ते मी बोलून टाकलं. "बाई, माझ्या मालातच काही खोट नसेल ना?"

"अमोनियम सल्फेट नुसतं मातीवर पडून राहिलं तर काय करतं?"

"काही नाही करत."

"मग तू निर्दोष," बाई म्हणाल्या, आणि मी निःश्वास सोडायच्या आत पुढे म्हणाल्या, "पण चोर तुझ्याच पोत्यातून बाहेर पडला, ओब्राद. त्याला बाहेर कोणी काढलं, तेवढं शोधायचं."

३

ग्वोझ्देनकडे आधी गेलो. त्याचीही रोपवाटिका आहे, तिहोमीरची रोपं गेली की गिऱ्हाईक आपोआप त्याच्याकडे. गावात निम्म्या लोकांना त्याचाच संशय होता, फक्त कोट त्याचा निघाला नाही म्हणून गप्प होते.

"या, या," ग्वोझ्देन म्हणाला. "पोलिस कुत्रं आणलंय का? बाईंचं नाक तर चालत नाही."

"माझं डोकं चालतं, तेवढ्यावर भागवते," बाई म्हणाल्या. "परवापासून कुठे होतास?"

"लेकीकडे, नीशला. आज दुपारी आलो. जावयाला विचारा, त्याला मी गेल्याचा आनंद अजून आवरत नसेल." मग तो जरा गंभीर झाला. "मी तिहोमीरला शिव्या घालतो, बाई, आणि मरेपर्यंत घालीन. पण रोपावर हात टाकणारा माणूस मी नाही. पाहिजे तर माझ्याकडची दोन हजार रोपं जास्तीची आहेत. सांगा त्याला. पण माझं नाव सांगू नका, फुशारेल."

तिथून तिहोमीरकडे. तो चर्चमध्ये गेला होता, बरंच झालं. ल्युबिंका अंडी रंगवायला बसली होती, पण रंगाचं भांडं तसंच राहिलं होतं.

"पहाटे किती रडलीस?" बाईंनी विचारलं.

"मी?" ल्युबिंका उसळली. "मी रडले नाही, बाई. गावभर तेच चाललंय ना? रडले, म्हणजे मला ठाऊक होतं! अहो, रोपं दिसायच्या आधीच डोळ्यांतून पाणी. दार उघडलं आणि असा झणका आला की छातीच भरली. खोकत खोकत पलीकडे धावले, मागचं दार सताड उघडलं. माणसं जमेपर्यंत वाऱ्यानं सगळं साफ."

"कसला वास?"

"खताचाच. खताच्या जागी खताचा वास येणार, नाही का? म्हणून नाही बोलले." तिचा आवाज खाली आला. "बाई, तो काही बोलतच नाही. मी त्याला विचारलं, तू केलंस का? तर म्हणतो, नाही. मग सांग ना सगळ्यांना! तर म्हणतो, लग्न विसर. काय समजायचं मी?"

एवढ्यात स्तामेंकाआजी ट्रे घेऊन आल्या. तिहोमीरची आई, वय ऐंशी, पण उभ्या उभ्या दोन सुनांचं काम करतील. बशीत गोड मुरंबा, पाण्याचा पेला, कॉफी. दहाही बोटांना फडकी गुंडाळलेली.

"घ्या हो. उपवासाला चालतं. रोपांचं ऐकलंत ना? थंडीनं गेली. देवाची मर्जी."

"बोटांना काय झालं?"

"काय होणार? दरवर्षीचंच. गुरुवार म्हणजे जिथे भिंत तिथे चुना. सूनबाई माहेरी, लेकीला शिवण, मग मीच. रात्री चरबी लावली की आठ दिवसांत बरी होतात." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि व्लादेता सणाला कुठे चाललाय रे? तिहोमीर म्हणाला, बहिणीकडे. मला कधी बोलला नाही बहीण आहे म्हणून."

ल्युबिंका उठून आत निघून गेली. मी मुरंब्यात तोंड घातलं. आजीशी खोटं बोलायची माझी ताकद नाही.

"चांगला माणूस आहे," आजी म्हणाल्या. "लवकर परत यायला सांगा त्याला."

४

व्लादेता भाड्याच्या खोलीत बॅग भरत होता. भरायला फारसं काही नव्हतंच. शनिवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसला.

"तणनाशकाची बाटली दाखव," बाई म्हणाल्या.

त्यानं खिडकीतली बाटली काढून दिली. झाकणाचं सील जसंच्या तसं. द्राक्षवेलींच्या बांधासाठी आणली होती म्हणाला. माझी मान खाली गेली. माझ्या जिभेनं घातलेला घाव आणि बाटली उघडलेलीसुद्धा नाही!

"हे काल का नाही दाखवलंस?" मी विचारलं. "अरे गाढवा, एका बाटलीनं अर्धं गाव गप्प बसलं असतं."

"आणि उरलेलं अर्धं?" व्लादेता म्हणाला. "त्यांनी दुसरा कोणीतरी शोधला असता."

"कोट दाराखाली तू कोंबलास?"

"नाही. तो आत दाराजवळच्या खिळ्यावर असतो. कोणीही घेऊ शकतं."

"कोणी घेतला?"

"बाई, जाऊ द्या. मी इथून गेलो की सगळं निवेल. तिहोमीर हात उगारणारा नाही, पण त्याचे शब्द माणसाला जन्मभर पुरतात." तो उठला, सदऱ्याची घडी घातली, परत मोडली, परत घातली. मग पाठमोराच म्हणाला, "आजीच्या हातांचं कसं आहे? चरबी लावताहेत ना?"

मला वाटलं, काय सभ्य माणूस, स्वतःच्या घराला आग लागलीय आणि दुसऱ्याच्या बोटांची चौकशी करतोय. बाई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"इथे यायच्या आधी तू कारखान्यात होतास ना? कोणत्या विभागात?"

व्लादेतानं सदरा बॅगेत ठेवला. "सल्फेटच्या. बारा वर्षं."

बाई उठल्या. आणखी एक अक्षर विचारलं नाही. रस्त्यावर आल्यावर मी त्यांना थांबवलं. "झालं? एवढंच?"

"त्यानं केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण शुक्रवारी सकाळी त्या वाफ्याकडे बघताक्षणीच त्याला कळलं होतं, कोणी केलंय ते."

५

चार वाजता आम्ही तिहोमीरच्या स्वयंपाकघरात होतो. टेबलावर लाल अंडी, पावाची वेणी, आणि बाईंनी आणायला लावलेल्या तीन वस्तू: काचेची बरणी, माझ्या दुकानातलं मूठभर सल्फेट, आणि अंगणातल्या खड्ड्यातला वाटीभर चुना.

"आईला बोलव," बाई म्हणाल्या.

"आईचं काय काम?" तिहोमीर गुरगुरला. "मी सांगितलं ना, तिला यात ओढायचं नाही."

वाटेत मीही बाईंना तेच म्हणालो होतो. आजीला सांगायलाच हवं का? त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मला तिला काही सांगायचं नाही, ओब्राद. विचारायचंय. तिला अजून कोणी काही विचारलेलंच नाही."

आता त्या तिहोमीरला म्हणाल्या, "शाळेतही तू प्रश्न वाचायच्या आधी उत्तर लिहायचास. बस खाली." आणि पन्नाशीचा तो दांडगा माणूस खरोखर बसला. ल्युबिंका आजींना घेऊन आली.

बाईंनी बरणीत सल्फेट टाकलं, वर चमचाभर चुना, थोडं पाणी. झाकण लावून पाच मिनिटं गप्प बसल्या. मग बरणी तिहोमीरच्या नाकापुढे नेली आणि झाकण काढलं.

"अयाई गं!" तिहोमीर खुर्चीसकट मागे सरकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही, ल्युबिंकाच्याही. कोरड्या डोळ्यांनी एकट्या बाई उभ्या होत्या.

"हेच!" ल्युबिंका ओरडली. "काल पहाटे हाच वास होता!"

"अमोनिया," बाई म्हणाल्या. "सल्फेटमध्ये तो बांधून ठेवलेला असतो, म्हणून पोतं गरीब असतं. चुना त्याची गाठ सोडतो. सुटला की तो हवेपेक्षा हलका, वर जातो. म्हणून वरची फळी सगळी मेली, मधली निम्मी, खालची वाचली. तणनाशक असतं तर त्यानं फळ्या मोजल्या नसत्या. पिंपात विष असतं तर कोबी मेली असती. तांब्याची तार रात्रीत निळी झाली तीही यानंच. छताला दव धरलं, त्यात तो विरघळला, आणि थेंब थेंब पानांवर पडला. सल्फेट गुरुवारी तीनला व्लादेतानं पसरलं, तू सांगितलंस म्हणूनच. त्यानंतर कोणीतरी त्या वाफ्यावर चुना ओतला आणि दार घट्ट बंद केलं."

"म्हणजे त्यानंच!" तिहोमीर डोळे पुसत म्हणाला. "कारखान्यातला माणूस, त्याला हे सगळं ठाऊक."

"कोट घातला फटीत, तोही स्वतःचा? गावाला दिसेल असा?"

तिहोमीर डोळे पुसायचा थांबला. आणि मग स्तामेंकाआजींचा आवाज आला. अगदी साधा, रोजचा.

"कोट मी घातला. रेडिओवर थंडी सांगितली होती. रोपांना बाधू नये म्हणून खिळ्यावरचा काढला आणि फट बुजवली."

तिहोमीर आईकडे वळला.

"आत गेले ते कट्ट्याला चुना लावायला. अर्धी बादली उरली. परत खड्ड्यात थोडीच घालायची? तो वाफा असा विस्कटलेला, मळका दिसत होता, म्हटलं सणाला पांढरा दिसू दे. मागे मागे सरत ओतली आणि दाराबाहेर आले. नाकात गेलं जरा, शिंका आल्या. मला वाटलं, खताचा दर्प." त्यांनी बरणीकडे पाहिलं. "रोपं मी मारली म्हणजे. माझ्या हातानं."

"आई, तू कुठे... तुला काय ठाऊक..." तिहोमीर उठला.

"थांब. कोट सापडल्याचं मला कोणी का नाही सांगितलं? विचारलं असतंत तर शुक्रवारीच सांगितलं असतं." मग त्यांनी ल्युबिंकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. "व्लादेता बहिणीकडे चाललेला नाही."

"नाही," ल्युबिंका म्हणाली. आणि आता मात्र ती खरोखरच रडत होती. "दादानं हाकललंय त्याला. पाचच्या बसनं."

घड्याळात पावणेपाच झाले होते. आजींनी दारामागची काठी घेतली.

६

बसथांबा गावाच्या वरच्या टोकाला. ऐंशी वर्षांची बाई पुढे आणि आम्ही चौघं मागे, असा तो चढ आम्ही चढलो. तिहोमीर दोनदा आईचा हात धरायला गेला, दोन्ही वेळा तिनं झटकला.

व्लादेता बाकावर बसला होता. आम्हाला पाहून उभा राहिला, टोपी काढली. आजींना धाप लागली होती, पण त्या थांबल्या नाहीत.

"तुला ठाऊक होतं?"

तो जमिनीकडे पाहू लागला.

"माझ्याकडे बघ! ठाऊक होतं ना?"

"हो, आई." त्यानं आजपर्यंत त्यांना आजीच म्हटलं होतं. "सकाळी वाफा पांढरा दिसला. कोटही दिसला. आदल्या दिवशी तुमचे हात बघितलेच होते. म्हटलं, तुम्हाला कळलं तर हाय खाल. तिहोमीर तुम्हाला काय बोलेल याचा नेम नाही. माझं काय, मी आधीच परका."

"फार मोठे उपकार केलेस!" आजींनी काठी अशी आपटली की बाकाखालची मांजर पळाली. "हा पोरगा म्हणतो ब्लडप्रेशर आहे, आईला सांगू नका. तू म्हणतोस, हाय खाईल, सांगू नका. मी काय काचेची बरणी आहे, फडताळात ठेवायला? तू गेला असतास. माझी लेक परत एकटी पडली असती, तुला जन्मभर चोर समजून. आणि मी? मी पुढच्या ईस्टरला परत बादली घेऊन आत गेले असते! परत दार लावून घेतलं असतं! आणि त्या वेळी आत कोणी माणूस असता तर? तेव्हाही थंडीनं गेला म्हणाला असतात?"

व्लादेताचं तोंड उघडंच राहिलं. हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नव्हता, बाईंच्या सोडून. त्या मान हलवत होत्या.

"चूक माझी आहे," आजी म्हणाल्या, आवाज आता थकला होता. "ती मला दे. तुझ्या बॅगेत घालून नेऊ नकोस."

वळणावर बस दिसली. लेस्कोवात्सची, नेहमीसारखी दहा मिनिटं उशिरा. तिहोमीर थांब्याच्या कडेला टोपी चुरगाळत उभा होता. हा माणूस मी पाळण्यापासून ओळखतो. शाळेत माझं नाक फोडलं तेव्हाही माफी मागितली नव्हती, माझ्या नाकानंच मागायला हवी होती म्हणाला होता. आई त्याच्याकडे बघत नव्हती. बहीणही नाही. कोणी त्याला काही सांगितलं नाही.

बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "चला, सणाला घरी जायचंय मला. कोण येतंय?"

व्लादेतानं सवयीनं बॅगेच्या मुठीला हात घातला. तिहोमीरनं दोन पावलं पुढे येऊन त्याच्या हातावर आपला हात ठेवला. त्याचे डोळे लाल होते, आणि आता तिथे बरणी नव्हती.

"कोणी नाही येत," तो ड्रायव्हरला म्हणाला. "हा आमच्या घरचा आहे. जा तू."